‘लस्ट फॉर अ व्हॅम्पायर’ (१९७१): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हॅमरच्या भयपटांबद्दल लिहायला लागल्यापासून सगळ्यात जास्त प्रश्न येतात ते याच एका चित्रपटाबद्दल. कुणाला तो अर्धवट वाटतो, कुणाला मधलंच गाणं खटकतं, कुणाला आवाज आणि ओठ जुळत नाहीत म्हणून आपली प्रत खराब आहे असं वाटतं. त्याच त्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. शेवट उघड करणाऱ्या उत्तरांवर तशी सूचना आहे.

१. हा चित्रपट नेमका कुणाचा? कधी आला?

ब्रिटनच्या हॅमर फिल्म प्रॉडक्शन्सचा. दिग्दर्शक जिमी सँगस्टर, पटकथा ट्यूडर गेट्स, निर्माते हॅरी फाइन आणि मायकेल स्टाइल. १९७०च्या उन्हाळ्यात लंडनजवळच्या एल्स्ट्री स्टुडिओत चित्रीकरण झालं आणि जानेवारी १९७१मध्ये ब्रिटनमध्ये प्रदर्शित झाला. लांबी साधारण ९५ मिनिटं.

२. गोष्ट काय आहे? शेवट न सांगता सांगा.

साल १८३०, ऑस्ट्रियातला स्टिरिया प्रांत. कार्नस्टाइन हे रक्तपिशाचांचं सरदारघराणं दर चाळीस वर्षांनी परततं असं गावकरी मानतात. रिचर्ड लेस्ट्रेंज हा भुताखेतांवर लिहिणारा इंग्रज लेखक तिथे येतो. लोक अडवत असूनही एकटाच पडक्या किल्ल्यात शिरतो आणि अंगभर झगे घेतलेल्या तीन बायका अंधारातून त्याच्याकडे येऊ लागतात. त्याची (आणि आपली) पुरती घाबरगुंडी उडाल्यावर कळतं, की या जवळच्याच निवासी शाळेतल्या मुली आहेत, इतिहासाचे शिक्षक जाइल्स बार्टन यांच्याबरोबर किल्ला बघायला आलेल्या. त्या शाळेत मिर्काला नावाची नवी मुलगी दाखल होते. लेस्ट्रेंज तिच्यावर इतका भाळतो, की इंग्रजीच्या शिक्षकाला थाप मारून व्हिएन्नाला धाडतो आणि त्याची जागा स्वतः घेतो. मग शाळेत मुली मरू लागतात.

३. आधीचा भाग पाहिल्याशिवाय हा समजेल का?

समजेल. कार्नस्टाइन त्रयीतला हा दुसरा चित्रपट. पहिला ‘द व्हॅम्पायर लव्हर्स’ (१९७०), तिसरा ‘ट्विन्स ऑफ ईव्हिल’ (१९७१). तिन्हींचा लेखक एकच असला तरी दिग्दर्शक वेगवेगळे आणि गोष्टी जवळजवळ सुट्या. तरीही पहिला आधी बघा असंच मी सांगेन, कारण या चित्रपटाला काय साधायचं होतं हे त्यावरून कळतं. कथेतली सांधेजोड कुठे निसटते ते प्रश्न १३ मध्ये.

४. हे सगळं ‘ड्रॅक्युला’वरून घेतलंय का?

नाही. मूळ आहे डब्लिनच्या शेरिडन ले फानूची ‘कार्मिला’ ही लघुकादंबरी. ती १८७२ साली त्याच्या कथासंग्रहात आली, म्हणजे ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’च्या पंचवीस वर्षं आधी. एकाकी वाड्यात राहणारी तरुण मुलगी, तिच्याकडे पाहुणी म्हणून आलेली देखणी कार्मिला आणि दोघींमधली भीती वाटावी अशी जवळीक, हा तिचा गाभा. पहिला चित्रपट त्याला बराचसा धरून आहे. दुसऱ्यात मात्र घराण्याचं नाव, मुलीचं नाव (मिर्काला म्हणजे कार्मिलाच, अक्षरं फिरवून) आणि स्टिरिया एवढंच उरलं. मुलींची शाळा, लेखक, बार्टन ही सगळी गेट्सची भर आहे.

५. निर्मितीत गोंधळ झाला म्हणतात. नेमकं काय बिघडलं?

मोठे घाव चित्रीकरण सुरू होण्याआधीच बसले होते.

दिग्दर्शन करणार होता टेरेन्स फिशर. हॅमरचा पहिला रंगीत फ्रँकेनस्टाइन (१९५७) आणि ख्रिस्तोफर लीचा पहिला ड्रॅक्युला (१९५८) करणारा तो हाच. पडक्या किल्ल्यांच्या, शवपेट्यांच्या गॉथिक भयपटाचं वळण ज्याने हॅमरला लावून दिलं, तो माणूस. त्याला गाडीची धडक बसली, पाय मोडला आणि चित्रपट हातचा गेला. १९६८ सालीही तो असाच जखमी झाला होता आणि तेव्हाचा ड्रॅक्युलापट दिग्दर्शनासाठी फ्रेडी फ्रान्सिसकडे गेला होता. म्हणजे एकाच प्रकारच्या अपघातात त्याचे दोन चित्रपट गेले. त्यानंतर आयुष्यात त्याला फक्त एकच चित्रपट करता आला, हे लक्षात घेतलं की या अपघाताची किंमत कळते.

घाईघाईने बोलावलं गेलं जिमी सँगस्टरला. १९५७ आणि १९५८च्या त्या दोन्ही चित्रपटांच्या पटकथा त्याच्याच, त्यामुळे कागदावर ही निवड चुकीची नव्हती. पण दिग्दर्शक म्हणून त्याच्या गाठीला जेमतेम एकच चित्रपट होता, तोही नुकताच संपलेला ‘द हॉरर ऑफ फ्रँकेनस्टाइन’. त्याचा ओढा पडके किल्ले आणि शवपेट्यांपेक्षा आधुनिक रहस्यपटांकडे होता. त्यात ही पटकथा दुसऱ्याची, निर्माते दुसरे आणि तयारीला वेळ नाही.

मग बार्टन करणार असलेल्या पीटर कुशिंगने चित्रपट सोडला (प्रश्न ६). नायिका बदलली (प्रश्न १०). खलनायकाचा आवाज बदलला (प्रश्न ८). आणि शेवटी सँगस्टरच्या हातून चित्रपट सुटल्यावर त्यात एक गाणं आलं (प्रश्न ९).

माझं स्पष्ट मत असं, की या चित्रपटाचा दोष कुणा एकाच्या माथी मारता येत नाही. इथे महत्त्वाच्या जवळजवळ प्रत्येक जागी कुणीतरी दुसऱ्याच्या बदली उभा आहे. फिशरसाठी आणि कुशिंगसाठी बेतलेलं काम ऐनवेळी आलेल्या माणसांनी निभावलं आहे आणि ते निभावणं पडद्यावर दिसतं. कुठे उघडं पडलेलं, कुठे चांगलं साधलेलं.

६. पीटर कुशिंगने चित्रपट का सोडला?

पत्नी हेलन फार आजारी होती म्हणून. जाइल्स बार्टनची भूमिका त्याची होती. तिच्याजवळ राहण्यासाठी त्याने ती सोडली. जानेवारी १९७१मध्ये, हा चित्रपट प्रदर्शित होत होता त्याच दिवसांत हेलन गेली. पैशावरून किंवा नग्न दृश्यांवरून भांडण झालं असं काही जण लिहून पाठवतात, ते मनातून काढून टाका. त्रयीच्या तिसऱ्या भागात तो परत आला आणि गुस्ताव्ह वाइल या कर्मठ चेटकीण-शिकाऱ्याची भूमिका त्याने केली. त्यातला त्याचा ओढलेला, गालफडं बसलेला चेहरा बघवत नाही. ती सगळी रंगभूषा नव्हे.

७. मग बार्टन कुणी केला? तो इतका विचित्र का वागतो?

राल्फ बेट्सने. हॅमर तेव्हा त्याच्याकडे नव्या पिढीचा चेहरा म्हणून बघत होतं. नुकताच तो सँगस्टरचा फ्रँकेनस्टाइन झाला होता. बेट्सला स्वतःला हा चित्रपट अजिबात आवडत नसे.

तरीही ज्यांना या चित्रपटात काहीच चांगलं दिसत नाही त्यांना मी बार्टनकडे बघायला सांगते. चष्मा लावलेला, केस चापून बसवलेला, सतत पुस्तकात तोंड घातलेला मास्तर. कार्नस्टाइन घराण्याची कागदपत्रं गोळा करून करून तो त्यांचा अभ्यासक राहिलेला नाही, भक्त झाला आहे. मिर्काला कोण आहे हे इतरांना कळायच्या आधी त्याला कळतं. तो पळत नाही, कुणाला सावध करत नाही. रात्री किल्ल्याच्या पडक्या भिंतींत तिच्यासमोर उभा राहतो आणि मला तुझा सेवक करून घे म्हणून गयावया करतो. बेट्सने त्या प्रसंगात आवाजातली शिक्षकी ऐट हळूहळू गळू दिली आहे. शेवटी उरतो तो हात पसरलेला भिकारी.

कुशिंगने हे वेगळं केलं असतं, बहुधा जास्त भारदस्त. पण तिशीतल्या माणसाने केल्यामुळे त्यातली आसक्ती अधिक उघडी पडते आणि मला ती बदली चित्रपटाच्या पथ्यावर पडलेली वाटते.

८. काउंट कार्नस्टाइनचे ओठ आणि आवाज जुळत नाहीत. माझी प्रत खराब आहे का?

नाही, सगळ्याच प्रतींत तसंच आहे. काउंट, म्हणजे कार्नस्टाइन घराण्याचा सरदार, झाला आहे माइक रेवन, बीबीसी रेडिओ वनवर ब्लूज आणि ऱ्हिदम अँड ब्लूज या संगीताचे कार्यक्रम करणारा लोकप्रिय निवेदक. उंच, काळी दाढी, खर्जातला आवाज. असं असूनही त्याचा आवाज काढून तिथे व्हॅलेन्टाइन डायलचा घातला गेला. डायलही रेडिओचाच, भीतिकथा सांगणारा ‘मॅन इन ब्लॅक’ म्हणून घराघरांत ठाऊक असलेला. ज्याची सगळी कमाई आवाजाची, त्याचाच आवाज पुसावा हे रेवनवर अन्यायाचं होतं असं मला वाटतं.

अन्याय इथेच थांबला नाही. काउंटचे रक्ताळलेले डोळे पडदाभर दिसतात ते रेवनचेही नाहीत. ते ख्रिस्तोफर लीचे आहेत, आधीच्या ड्रॅक्युला चित्रपटातून उचललेले. ली या चित्रपटात काम करत नाही, त्यामुळे श्रेयनामावलीत त्याचं नाव शोधू नका.

९. मध्येच गाणं कुठून आलं?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. लेस्ट्रेंज आणि मिर्काला रात्री किल्ल्याच्या अवशेषांत एकत्र येतात आणि पार्श्वभूमीवर ‘स्ट्रेंज लव्ह’ हे सत्तरच्या दशकातलं गोडसर पॉप गाणं सुरू होतं. गायिकेचं नाव फक्त ट्रेसी एवढंच येतं. संगीत हॅरी रॉबिन्सनचं, शब्द फ्रँक गॉडविनचे. १८३०च्या स्टिरियात हे गाणं कानाला टोचतं, यात वाद नाही.

सँगस्टरने ते मागितलेलं नव्हतं. चित्रपट त्याच्या हातून गेल्यावर ते घातलं गेलं आणि तयार चित्रपटात ते ऐकून तो चकित झाला. कारण उघड आहे: निर्मात्यांना गाण्याची वेगळी तबकडी विकायची आशा होती. त्याच प्रसंगात मिर्कालाच्या चेहऱ्याच्या जवळून घेतलेल्या चित्रात तिचे डोळे तिरळे होतात. प्रेक्षागृहात हशा पिकायला ते पुरेसं होतं. गाण्याचा आवाज बंद करून हा प्रसंग एकदा बघा. चांदण्यातलं चित्रीकरण, पडके खांब, दोघांमधलं अंतर हे सगळं तेव्हा कुठे दिसतं.

रॉबिन्सनचं बाकीचं पार्श्वसंगीत मात्र उत्तम आहे. ते या गाण्याबरोबर बुडवू नये.

१०. इन्ग्रिड पिट यात का नाही?

पहिल्या भागातली कार्मिला तीच. दुसऱ्या भागात ती आली नाही. त्याच सुमारास हॅमरचा ‘काउंटेस ड्रॅक्युला’ तिने केला. तिच्या जागी आली युटे स्टेन्सगार्ड ही डॅनिश अभिनेत्री. तुलना होणारच, पण दोघींच्या तऱ्हा वेगळ्या आहेत. पिटची कार्मिला अनुभवी आणि दुखावलेली वाटते. स्टेन्सगार्डची मिर्काला कोवळी, जवळजवळ रिकामी, म्हणून जो तो तिच्यात आपल्याला हवं ते बघतो. लेस्ट्रेंजला प्रेयसी दिसते, बार्टनला देवता. नंतर काही वर्षांतच स्टेन्सगार्डने अभिनय सोडला आणि ती अमेरिकेला गेली.

तिचं सगळ्यांच्या लक्षात राहिलेलं दृश्य सुरुवातीचंच आहे. काळ्या बग्गीतून पळवून आणलेल्या गावातल्या मुलीचा गळा चिरतात, भांड्यात धरलेलं रक्त शवपेटीतल्या हाडांवर ओततात. धूर उठतो, कफन भिजत जातं, खाली हाडांवर मांस चढतं आणि रक्ताने माखलेल्या त्या कापडातून मिर्काला उठून बसते. संवाद जवळपास नाहीत. फिशर असता तरी याहून वेगळं काय करता, असा प्रश्न इथे खरोखर पडतो.

११. घरच्यांबरोबर बघता येईल का?

मोठ्यांनीच बघावा. नग्न दृश्यं आहेत, मुलींमधली शारीरिक जवळीक आहे, रक्त आहे. हे एकाएकी कसं आलं त्याला कारण आहे. साठच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी पैसा ब्रिटिश चित्रपटांतून आटू लागला होता आणि हॅमरला प्रेक्षक टिकवायचा होता. त्यात जुलै १९७०पासून ब्रिटनमध्ये एक्स प्रमाणपत्राची (फक्त प्रौढांसाठीच्या चित्रपटांना मिळणाऱ्या) वयोमर्यादा १६ वरून १८ झाली, त्यामुळे पडद्यावर जास्त दाखवायला वाव मिळाला. तरी सेन्सॉरचा सचिव जॉन ट्रेव्हेल्यन समलैंगिक दृश्यांवर नजर ठेवून होताच. म्हणूनच बहुधा पहिल्या भागापेक्षा यात पुरुष नायकाबरोबरच्या प्रेमाला जास्त जागा मिळाली. कार्मिलाच्या गोष्टीचा कणाच त्यामुळे वाकला, असं माझं म्हणणं आहे.

१२. व्हॅम्पायर असून मिर्काला दिवसाढवळ्या कशी फिरते?

ही चूक नाही. ले फानूची कार्मिलाही दिवसा वावरते, फक्त उशिरा उठते आणि मलूल असते. स्टोकरचा ड्रॅक्युलासुद्धा दिवसा बाहेर पडतो, तेव्हा त्याची शक्ती कमी असते एवढंच. उन्हाने व्हॅम्पायर नष्ट होतो ही कल्पना चित्रपटांनी रुजवली. १९२२च्या जर्मन ‘नोस्फेराटू’पासून ती पडद्यावर आली आणि हॅमरच्याच १९५८च्या ड्रॅक्युलाने ती पक्की केली. क्रूस मात्र या गोष्टीत चालतो: शाळेतली शिक्षिका जॅनेट प्लेफेअर वाचते ती गळ्यातल्या क्रूसामुळे.

१३. पहिल्या भागात तिचं मुंडकं उडवलं होतं. मग ती परत कशी?

(पहिल्या भागाचा शेवट इथे उघड होतो.) बरोबर आहे, कुशिंगच्याच पात्राने तिच्या छातीत खुंटी ठोकली आणि मुंडकं उडवलं. दुसरा चित्रपट याचा हिशेब देत नाही. कौमार्य असलेल्या मुलीचं रक्त हाडांवर पडलं की पुनर्जन्म, एवढ्यावर तो पुढे जातो. चाळीस वर्षांच्या नियमाचंही तसंच. तिसऱ्या भागात मिर्काला पुन्हा दिसते, तिसऱ्याच अभिनेत्रीच्या, कात्या वायथच्या रूपात. तिन्ही चित्रपट सलग जोडायच्या फंदात पडू नका. एकाच घराण्याबद्दलच्या तीन दंतकथा म्हणून बघितले की त्रास होत नाही.

१४. मरून गेलेली मुलगी पुढच्या भागात परत दिसते. तीच का?

अभिनेत्री तीच, पात्र वेगळं. पिपा स्टील पहिल्या भागात लॉरा आहे, दुसऱ्यात सुझन पेली, आणि दोन्हीकडे तिचा बळी जातो. कर्स्टन लिंडहोम तर तिन्ही भागांत आहे: पहिल्यात सुरुवातीलाच मुंडकं उडतं, दुसऱ्यात शवपेटीवर रक्त तिचंच ओततात, तिसऱ्यात तिला चितेवर जाळतात. हार्वे हॉलही तिन्हींत आहे, इथे तो इन्स्पेक्टर हाइनरिख.

१५. शेवटी आगीत काउंट शांत कसा उभा राहतो आणि मिर्काला मरते कशी?

(शेवट उघड होतो.) गावकरी किल्ला पेटवतात. आगीने व्हॅम्पायर मरत नाहीत हे काउंटला ठाऊक आहे, म्हणून तो आणि त्याच्या साथीची काउंटेस ज्वाळांत निश्चल उभे राहतात. चित्रपटातलं रेवनचं सगळ्यात चांगलं दृश्य हेच, कारण इथे त्याला बोलायचं नाही. लेस्ट्रेंज मिर्कालाला वाचवायला आत धावतो, ती त्याच्यावरच झेपावते आणि जळती तुळई वरून कोसळून नेमकी तिच्या काळजात घुसते. म्हणजे मारली ती खुंटीनेच, आग निमित्त. नियमात बसतं, पण नायकाच्या हातून काहीच घडत नाही ही तक्रार खरी आहे.

१६. ‘टू लव्ह अ व्हॅम्पायर’ हा वेगळा चित्रपट आहे का?

नाही, हाच. अमेरिकेत दूरचित्रवाणीवर तो त्या नावाने दाखवला गेला. तिथल्या प्रतींत काटछाट होती, त्यामुळे कुणी दृश्यं कमी असल्याचं सांगितलं तर आधी लांबी तपासा (प्रश्न १).

१७. त्या काळात हॅमरच्या आणखी कुठल्या चित्रपटावर अशी पाळी आली?

पुढे काही महिन्यांतच आणखी एकावर, आणि याहून वाईट. ‘ब्लड फ्रॉम द ममीज टूम’ (१९७१) या चित्रपटात कुशिंगने जेमतेम एक दिवस काम केलं आणि हेलनची प्रकृती ढासळल्यावर काम सोडलं; त्याची जागा अँड्र्यू कीरने घेतली. पुढे चित्रीकरण चालू असतानाच दिग्दर्शक सेथ होल्टचं निधन झालं. उरलेला चित्रपट मायकेल कॅरेरासने पुरा केला. तो व्हॅम्पायरपट नाही, म्हणून इथे इतकंच.

१८. हॅमरचा आपल्याकडे काही संबंध?

आहे. टेरेन्स फिशरनेच १९५९मध्ये हॅमरसाठी ‘द स्ट्रँगलर्स ऑफ बॉम्बे’ केला. ठगांवरचा, कंपनी सरकारच्या काळातला, कृष्णधवल. चित्रीकरण सगळं इंग्लंडात, त्यामुळे त्यातली मुंबई शोधायला जाऊ नका. सत्तरच्या दशकात ‘काली, डेव्हिल ब्राइड ऑफ ड्रॅक्युला’ नावाचा भारतात घडणारा चित्रपट हॅमरने योजला होता, तो कधी बनला नाही. आणि मुंबईत रामसे बंधूंनी जे भयपट केले, त्यांतले धुक्यातले वाडे, बग्ग्या, तळघरातल्या शवपेट्या यांचं हॅमरशी नातं उघड आहे. ‘दो गज जमीन के नीचे’ (१९७२) महाबळेश्वरला चित्रित झाला तो याच वर्षांत. त्यांच्याबद्दलचे प्रश्न वेगळे पाठवा, त्यांची यादी स्वतंत्रपणे करत आहे.